पाऊण इंचाची पट्टी

आईच्या तरुणपणाचा एकही धड फोटो आमच्या घरात नाही, आणि ह्याला माझे वडील जबाबदार आहेत. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ह्याच शब्दांत बोलत आले आहे. लग्नकार्यात बोलले, दिवाळीत बोलले, पाहुण्यांना पोहे देता देता बोलले. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा मुकाट्यानं ऐकून घेतात. हल्ली आधी कानाचं मशीन काढून ठेवतात आणि मग ऐकून घेतात.

झालं होतं असं. अण्णा धारला सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. पूल, सडका, सडकेखालच्या पाण्याच्या मोऱ्या. मी जन्मले त्या सुमारास त्यांनी एका बदलून जाणाऱ्या इंजिनिअरकडून एक जुना कॅमेरा घेतला. पोटाशी धरून वरून आत डोकवायचं, असा तो होता. त्याची फिल्म चांगली रुंद, नि तिच्यातून रंगीत स्लाइडी निघायच्या, सव्वादोन इंची चौकोन. फिल्म धुवायला पोस्टानं मुंबईला जायची. महिन्याभरानं डबी घरी आली की अण्णा एकेक स्लाइड खिडकीच्या उजेडाला धरायचे आणि आम्ही रांगेनं बघायचो. आधी वडीलधारे, मग पाहुणे, मग आम्ही मुलं. आईचा नंबर येईपर्यंत एक तर ऊन उतरलेलं असायचं, नाही तर चुलीवर काही तरी उतू जात असायचं.

पण अण्णांना खरी हौस भिंतीवर बघायची. एवढ्या मोठ्या स्लाइडचं मशीन तेव्हा धारला कुठून असणार, इंदूरलासुद्धा मिळेना. मिळालं ते छोट्या स्लाइडचं, आणि त्याच्या खाचेत दीड इंचाहून रुंद चित्र मावत नव्हतं. दुसऱ्या कुणी मशीन परत केलं असतं. आमच्या अण्णांनी पोलादी पट्टी आणि ब्लेड घेतलं आणि दोन रविवार बसून सगळ्या स्लाइडी कापून दीड इंच रुंदीच्या केल्या. नकाशे काढणारा हात, रेघ अशी सरळ की बघत राहावं. मधला आणि एका बाजूचा भाग राखला, दुसऱ्या कडेची पाऊण इंचाची पट्टी उडवली.

आता कडेला कोण असणार? घरची सून. सगळे फोटोला उभे राहिले की हिचं काही तरी राहिलेलं असायचंच. पदराला हात पुसत शेवटी यायची आणि उरेल त्या जागेवर उभी राहायची. उरायची ती कडच. मांडूला सहलीला गेलो तरी तीन दगडांची चूल मांडून बाफले, म्हणजे आमच्याकडचे कणकेचे गोळे, भाजायला हीच, त्यामुळे तिथेही तेच. भिंतीवर पहिल्यांदा स्लाइडी दाखवल्या तेव्हा आजोबा आले, आत्या आल्या, आम्ही मुलं आलो, आत्यांच्या छत्र्यासुद्धा आल्या. आईचं कुठे कोपर, कुठे पदराचं टोक. दिवे लागल्यावर ती म्हणाली, "छान आलेत सगळे," आणि चहा टाकायला गेली.

माझी स्वतःची एक वेगळी तक्रार होतीच. मांडूच्या तलावाकाठची एक स्लाइड आहे, बारा नंबरची. तिच्यात मी तीन वर्षांची, झालरीचा फ्रॉक घालून उभी आहे आणि माझा एक हात लांब पसरलेला आहे. हात मनगटाशी कापलेला. मोठा भाऊ चिडवायचा, ही बघा, कुल्फीवाल्यापुढे हात पसरतेय. मी हावरट होतेच लहानपणी, तेव्हा मलाही ते खरंच वाटायचं.

मागच्या वर्षी आईच्या डोळ्यांचं निघालं. इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा मधोमध झिजला आहे, कडेकडेनं दिसत राहील, तेही किती दिवस ते सांगता येत नाही. तेव्हापासून आई माणसाशी बोलताना मान वाकडी करून बघते. शेजारणीला वाटलं, काकू आपल्यावर रुसल्या आहेत. छोटं काही तिला दिसत नाही, मोठं असलं तर जमतं.

एकदा मेथी निवडताना ती मला म्हणाली, "मी कशी दिसायचे गं? तेव्हा आरशात बघायला फुरसत नव्हती. आता फुरसत आहे तर आरशात मधोमध काळा डाग." लग्नातला एकुलता एक फोटो वाळवीनं खाल्लेला. नंतरचा आहे तो मतदार कार्डावरचा, त्यात ती पाकीटमार दिसते. ती मेथी निवडत राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "सगळं अंधारायच्या आत एकदा मला बघायचं आहे."

आई कधी काही मागत नाही. साडीच्या दुकानात जाऊन दुसऱ्यांच्या साड्या पसंत करून येणारी बाई आहे ती. तिनं मागितलं म्हटल्यावर मी अण्णांच्या मागे लागले.

मग अण्णांना आठवलं की एक डबी कापायची राहिली होती. शेवटचा रोल मुंबईहून आला त्याच सुमारास छोट्या मशीनचा बल्ब उडाला, नि मग सगळंच राहून गेलं. डबी कपाटात होती, सुतळीनं बांधलेली. आत काय आहे ते अण्णांना अजिबात आठवत नव्हतं. मी सुतळी सोडायला गेले तर आईनं डबी हातातून काढून घेतली. म्हणाली, "आधी कुणी बघायचं नाही. ह्या वेळी पहिला नंबर माझा."

मी म्हटलं, अगं फोनवर फोटो काढते नि टीव्हीवर मोठा करून दाखवते. तर म्हणाली, म्हणजे आधी तू बघणार. बरं, हेही खरंच. त्यात ती मनात पक्कं धरून बसली की ह्या डबीत आपण आहोत. झाली पंचायत. आता मोठ्या स्लाइडचं मशीन शोधणं आलं.

मी देवासला राहते. तिथल्या शाळेत जन्मभर मुलांना हिंदीतून भौतिकशास्त्र शिकवलं आणि घरी येऊन मराठीतून भांडले. दहा जणांना विचारलं तेव्हा कळलं, आमच्याच जिल्ह्यात सतवासला एक टॉकीज बंद पडलं आहे आणि तिथे मध्यंतरात जाहिरातींच्या काचा दाखवायचं मशीन धूळ खात पडलं आहे. त्या काचा तीन-सव्वातीन इंची, म्हणजे आमची स्लाइड दोन काचांत धरून आरामात बसेल. गेले सतवासला. मालक माझाच जुना विद्यार्थी निघाला, प्रकाशाच्या धड्यात दोनदा नापास झालेला. "मैडम, ले जाओ," म्हणाला, "कबाड़ी को देने से तो अच्छा है." मी विचारलं, "भिया, चलती तो है?" त्यानं नुसते खांदे उडवले.

महिनाभर ते धूड माझ्या जेवणाच्या टेबलावर होतं. भिंगांची बुरशी पुसली. जुना बल्ब इतका तापायचा की स्लाइडीचा पापड झाला असता, म्हणून तो काढून आतमध्ये एलईडी बसवला. काचवाल्याकडून मापाच्या काचा कापून आणल्या. मशीनबरोबर एका छत्रीवाल्याच्या जाहिरातीची काच आली होती, ती लावून पाहिली तर भिंतीवर छत्री खाली आणि दांडा वर. भिंग प्रतिमा उलटी करतं हे शेकडो मुलांकडून घोकून घेतलेली मी, नि काच सरळच घातली होती. तो नापास पोरगा समोर नव्हता हे बरं.

पाडव्याला मशीन गाडीत घालून धारला गेले. सकाळी आईनं अण्णांना ओवाळलं. अण्णा दर वर्षी ताटात ओवाळणी घालतात, ह्या वेळी काहीच घातलं नाही. म्हणाले, "तुझी ओवाळणी दुपारी, भिंतीवर." आई लाजली, ह्या वयात. जेवणं झाल्यावर मी खिडक्यांना सतरंज्या लावल्या. आई पुढच्या खुर्चीवर जाऊन बसली, केस नीट बांधून, चांगली साडी नेसून. मग तिनं स्वतः सुतळी सोडली आणि एकेक स्लाइड माझ्या हातात दिली.

पहिली स्लाइड मोरी होती. सडकेखालून पाणी जायची दगडी मोरी, भिंतभर. दुसरी तीच मोरी, पलीकडून. तिसरी दुसरीच मोरी.

"अहो, ही कुठली?" आईनं विचारलं.

"कुक्षी रोड," अण्णा म्हणाले.

चौथ्या स्लाइडीत कडेला हिरवी साडी दिसली आणि आई खुर्चीतून अर्धी उठली. मान वाकडी करून, डोळे बारीक करून बघत राहिली. डोक्यावर घमेलं घेतलेली मजूर बाई होती ती. मला तोंडानं सांगावं लागलं. आई खाली बसली, आणि पुढच्या प्रत्येक स्लाइडीला तशीच विचारत राहिली, ही कुठली, ही कुठली. रोलमध्ये बारा फोटो आणि बाराही मोऱ्या. खात्याच्या कामाचे फोटो अण्णांनी आपल्या कॅमेऱ्यानं काढले होते. शेवटची संपली तेव्हा ती म्हणाली, "छान आल्यात सगळ्या."

तेच शब्द ऐकून माझं डोकं फिरलं. माझ्या तोंडाला लागायला नको असं घरात सगळे म्हणतात ते काही उगाच नाही. म्हटलं, "अण्णा, मोऱ्या तेवढ्या अख्ख्या ठेवल्यात. त्यांची एक कड कापली नाहीत. आणि हिला कापताना हात नाही थरथरला तुमचा?" ह्या वेळी अण्णांनी कानाचं मशीन काढलं नाही. बसून सगळं ऐकलं. मग काठी घेऊन उठले आणि आत गेले, नि मला वाटलं, रागावून गेले.

आले ते नकाशाची कंपासपेटी घेऊन. आतली मखमल उचलली तर खाली एक खाकी पाकीट. पाकिटात फिल्मच्या पट्ट्या होत्या, पाऊण इंच रुंदीच्या, एकेक कागदाच्या घडीत ठेवलेली. प्रत्येक घडीवर त्यांच्या त्या छापील अक्षरांत नंबर. सात-अ, आठ-अ, नऊ-अ. म्हणाले, "नकाशात बदल झाला तरी कापलेला भाग फेकायचा नसतो. मोठं मशीन मिळालं की जोडीन म्हटलं. मिळालंच नाही."

"मग बोलायचंत तरी. मी इतकी वर्षं तोंडाचा पट्टा चालवतेय."

"काय बोलायचं? तू म्हणायचीस ते खरंच होतं."

लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर रडू आलं. जुन्या स्लाइडींतली बारा नंबरची मी चौकटीतून काढली आणि काचेवर ठेवली. तिच्या शेजारी बारा-अ ठेवली, वर दुसरी काच ठेवली. मला काही जुळवता येईना, तेव्हा अण्णांनी बोटाच्या टोकानं पट्टी सरकवून रेघेला रेघ लावली. शहाऐंशी वर्षांचे आहेत, पण तेवढं जमलं त्यांना. मग मी काच उलटी करून, आठवणीनं उलटी करून, मशीनमध्ये घातली.

भिंतीवर मांडूचा तलाव आला. आजोबा, आत्या, छत्र्या, मी. माझ्या मनगटापाशी वरपासून खालपर्यंत उजेडाची एक बारीक रेघ होती, तिथेच कापलेलं होतं ना. आणि रेघेच्या पलीकडे एक मुलगी उभी होती. पंचवीस-सव्वीसची असेल. हिरवी साडी, खोचलेला पदर, कपाळावर घामानं चिकटलेली बट, हसू येतंय आणि ते दाबायचा प्रयत्न चाललेला. माझ्या मुलीच्या वयाची माझी आई, आणि मी तिला तोवर कधी पाहिलंच नव्हतं.

आई उठली. खुर्च्यांना धरत भिंतीपर्यंत गेली, मान वाकडी केली, मग थोडी आणखी वाकडी केली. बराच वेळ तशीच उभी राहिली. मी विचारलं, "दिसतंय का गं?" तिनं हातानंच गप्प बसवलं.

"बरी होते की मी दिसायला," ती म्हणाली.

अण्णा मागून म्हणाले, "चांगली होतीस. रोज समोर असायचीस, म्हणून फोटोत राखावी हे मला सुचलंच नाही." एवढं मोठं वाक्य ते आईशी माझ्यासमोर पहिल्यांदा बोलले. आईनं वळून पाहिलं नाही, पण कानांच्या पाळ्यांपर्यंत हसली हे मला पाठीमागूनही कळलं.

मग तिनं भिंतीवर बोट टेकवलं, रेघेच्या जवळ, जिथे एक लहान हात येऊन तिच्या मनगटाला घट्ट धरत होता. "हा कुणाचा हात?"

"माझाच," मी म्हटलं. "म्हणजे कुल्फीवाल्याकडे नव्हता."

"कसला कुल्फीवाला? चुलीवर बाफले होते, मी म्हटलं माझा काही फोटो नको. तू ऐकेचनास. मला ओढत फोटोत घेऊन आलीस." आणि भिंतीवरच्या त्या हातावरून ती बोट फिरवत राहिली.

पुढची स्लाइड लावू का, असं अण्णांनी दोनदा विचारलं. ती म्हणाली, थांबा थोडं, अजून माझा नंबर चालू आहे.