मशीन फिरवलं का?

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑपरेशन थिएटरबाहेर हात धूत होते. वडगाव निंबाळकरला, राहत्या घरी, झोपेतच गेले. त्याला आता महिना होत आला. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते एवढंच, की बरं झालं, दवाखान्यात नाही गेले...

तात्या माझे थोरले चुलते. माणूस संशयी. डेअरीवर दूध मापताना किंवा कारखान्यावर ऊस काट्यावर चढताना स्वतः शेजारी उभं राहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. पण डॉक्टरांवरचा संशय वेगळा होता, तो काकींपासूनचा. इंदापूरकडच्या एका दवाखान्यात काकींचं पिशवीचं ऑपरेशन झालं आणि पोटातलं दुखणं पुढे कधी थांबलंच नाही. दुसऱ्यांदा पोट उघडलं तेव्हा ‘गाठ होती, काढली’ एवढंच सांगण्यात आलं. दाराशी उभ्या असलेल्या तात्यांनी मात्र आतून कुणीतरी दबक्या आवाजात ‘कापड’ म्हणालेलं ऐकलं होतं. विचारलं, तर सगळ्यांनी नजरा चुकवल्या. काकी त्यातून उठल्या नाहीत. घरचे म्हणायचे, भास झाला असेल. मीही तेच म्हणायचे. पुढे मी नर्स झाले तेव्हा तात्यांनी माझ्या हातचा पेढा घेतला नाही. “तू बी त्यांच्यातलीच झालीस,” म्हणाले.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्याच आतड्याला पीळ पडला आणि बारामतीला, मी काम करते तिथंच त्यांना आणावं लागलं. आमच्याकडे रक्त टिपायच्या कापडांत बारीक रेडिओ चिप शिवलेली असते. टाके घालण्याआधी पोटावरून मशीन फिरवायचं. आत कापड राहिलं असेल तर मशीन वाजतं. मी हे समजावून सांगितलं, तर तात्या त्या कळांमध्येही उसळले.

“म्हंजी माझ्या पोटात चिप बशिवनार व्हय?”

“बसवणार नाही, तात्या. आत काही राहू नये म्हणून आहे ती.”

“त्ये मशीन इकनारानं सांगितलं आसंल तुमाला.”

ऑपरेशनच्या वेळी मी आत होते, पण घरची म्हणून बाजूला, भिंतीशी. कापडं मोजली, हिशेब जुळला. मशीन फिरवलं आणि ते वाजलं. डॉक्टर चिडले. बिघडलंय म्हणाले. पुन्हा फिरवलं, पुन्हा वाजलं. हिशेबावर विश्वास ठेवायचा की मशीनवर? सगळे एकमेकांकडे बघत होते, आणि मला काकींच्या वेळचं ते दार आठवलं... डॉक्टरांनी पुन्हा आत हात घातला. आतड्यांच्या मागून रक्तानं भिजलेला गोळा निघाला. एका पाकिटात मुळातच एक कापड जास्त आलं होतं.

तात्या शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी स्वतः येऊन सगळं सांगितलं, काही न लपवता. आता तात्या आकाशपाताळ एक करणार, असं वाटलं मला.

“तुमी सांगितलं तरी,” ते म्हणाले. “तवा कुनीच सांगितलं न्हाय वो.”

माझा हात त्यांनी घट्ट धरून ठेवला होता.

त्यानंतर गावातल्या कुणाचंही ऑपरेशन असलं की तात्या एसटीनं सोबत यायचे. थिएटरबाहेर कोपऱ्यातल्या बाकावर बसायचे आणि डॉक्टर बाहेर आले की रोगी कसा आहे हे विचारायच्या आधी विचारायचे, “मशीन फिरवलं का?”

परवा पणदऱ्याच्या एका बाईंचं ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले, नातेवाइकांकडे वळण्याआधी त्या कोपऱ्याकडे बघून म्हणाले, “फिरवलं.”

बाकावर कुणीच नव्हतं.