शर्ट ऑनलाइन, माप माझं

मनोहरभाऊंच्या छातीवरचं बटण आता तुटतं की मग, असं झालं होतं. मला मनापासून आनंद झाला.

तुमसरला माझं जेन्ट्स टेलरिंगचं दुकान आहे. मनोहरभाऊ राइस मिलमध्ये सुपरवायझर. त्यांच्या लग्नापासून त्यांचा एकेक शर्ट मी शिवला. आणि आता मुलाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, त्यांनी मोबाइलवरून शर्ट मागवला! रोज माझ्या दुकानावरून जातात, तरी. सवतीवर जळावं तसा मी त्या मोबाइलवर जळत होतो.

“मास्टर, थोडा लूज करून द्या. लय तंग होऊन राहिला.”

मी शिवण उलटून दाखवली. आत जास्तीचं कापडच नव्हतं. “कुठून लूज करू? माह्याकडं शिवला असता तं आत मार्जिन ठेवली असती.”

“पन साइज तं बरोबर हाय ना बाप्पा! छाती मोजली, चाळीस आली. चाळीसच टाकला.”

मी त्यांचा मोबाइल घेतला. साइजच्या तक्त्यावर ‘गारमेंट मेजरमेंट’ लिहिलं होतं. म्हणजे ते माप अंगाचं नव्हे, शिवून झालेल्या शर्टाचं. चाळीसच्या छातीवर चाळीसचा शर्ट चढवला, तर माणूस श्वास कुठे घेणार? चारेक इंच जास्त लागतातच. आम्ही त्याला लूजिंग म्हणतो. काही तक्त्यांवर ‘बॉडी मेजरमेंट’ असतं. तिथे अंगाचं माप चालतं, लूजिंग त्यांनीच धरलेलं असतं.

“मंग आता कोनता टाकू?”

“कायले टाकता? कापड आना, मी शिवून देतो.”

त्यांनी हातातला जुना शर्ट टेबलावर पसरला. मीच शिवलेला. “हा मस्त बसते. यालेच मोजा ना.”

जुनं गिऱ्हाईक, नाही कसं म्हणू? बटणं लावली, शर्ट सपाट केला, काखेखालून आडवी टेप धरली. बावीस. दुप्पट चव्वेचाळीस. शोल्डर, बाही, लांबीही सांगितली. तंग शर्ट परत पाठवायचं ठरवून त्यांनी चव्वेचाळीसचा मागवला. तोही माझ्याच टेबलाशी उभं राहून!

साक्षगंधाला गेलो. मनोहरभाऊंच्या नव्या शर्टात कॉलरपासून कफपर्यंत खोट शोधली. एक सुरकुती सापडली नाही. माझ्या पोटात असं दुखलं की जेवण गोड लागेना.

तेवढ्यात मनोहरभाऊंनी मला व्याह्यांपुढे ओढलं. “हे आमचे मास्टर. शर्ट ऑनलाइन हाय, पन माप मास्टरचं!”

व्याही खूश झाले. “मंग माहाबी एक शर्ट मोजून द्या ना, मास्टर.”

तेव्हा, ऑनलाइन घेताना आधी तक्ता कशाचा ते बघा, आणि अंगाला नीट बसणारा शर्ट मोजा. तुम्ही शिंपी असाल, तर यातलं काही गिऱ्हाइकाला सांगू नका.