मागची खोली

मैत्रिणीचं डोहाळजेवण, इकडे परदेशात, आम्ही राहतो त्या एडिसनपासून तासाभरावरच्या, शेतांमधल्या एका जुन्या बंगल्यात होतं. हॉल दाखवताना मालकीणबाई कौतुकानं सांगत होत्या, की महायुद्धात इथे प्रसूतिगृह होतं. सैनिकांच्या बायका बाळंतपणाला यायच्या. एखादीचं बाळ दगावलं, की तिला मागच्या खोलीत हलवायचे, म्हणजे बाकीच्यांना त्रास नको. आता तिथे किचन आहे.

माझं डोकंच फिरलं. "माणसं होती का कोण!" मी मैत्रिणीला म्हणाले. माझं बाळ पोटातच, सातव्या महिन्यात गेलं, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

ओटी भरायला बायका रांगेत उभ्या राहिल्या. मीही राहिले. मैत्रिणीच्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या काकूंनी, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू जरा किचनमध्ये बघतेस का गं, आमटी तापली का?" आवाजात नुसती माया होती. भांडायलासुद्धा जागा नव्हती.

आमटी कधीच तापली होती. बाहेर हसणं चाललं होतं, फोटो चालले होते. मी दार आतून लावून घेतलं, म्हणजे बाकीच्यांना त्रास नको.