परत फेकलेला बॉल

संध्याकाळी वरच्या खोलीतून गर्दीचा आवाज यायला लागला की मी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचे. मुलगी लॅपटॉपवर बेसबॉलचा सामना लावायची, नेहमी तोच. अमेरिकेचे दोन व्यावसायिक संघ लंडनला खेळायला आले होते, तेव्हा आम्ही तिघं गेलो होतो. पुढच्या हिवाळ्यात नवरा गेला, ऑफिसात, बसल्या खुर्चीत. मुलगी त्या गर्दीत बाबाला शोधायची. त्या आवाजात त्याचाही आवाज होता, आणि मला तो ऐकवत नव्हता.

खरं तर आम्हा नवराबायकोला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. नवरा नागपूरचा, क्रिकेटवेडा; रविवारी पाऊस नसला की हा माणूस लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या घरात सापडायचा नाही. सामना सुरू असताना तो शेजारच्या अनोळखी गृहस्थाला क्रिकेटच कसं श्रेष्ठ ते पटवत बसला होता. तेवढ्यात बॅटची कड लागून एक बॉल रेषेबाहेर उडाला, तो थेट आमच्या रांगेत. त्याने दोन्ही हातांनी झेलला. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, मुलीने हात पुढे केला, आणि याने खांदा मागे घेऊन बॉल सरळ मैदानात फेकून दिला.

सगळा स्टँड हसला, मग हुर्यो उडवली. असा बॉल झेलणाऱ्याचाच होतो, हे मुलीला शाळेतल्या मैत्रिणीकडून माहीत होतं, त्याला नव्हतं. परतताना ट्रेनमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. तो समजूत काढत राहिला. त्याच्या लहानपणी गल्लीतले एक काका अंगणात आलेला बॉल द्यायचेच नाहीत, डाव तिथेच संपायचा.

"आलेला बॉल परत द्यायचा असतो गं," तो म्हणाला. "नाहीतर पुढे खेळणार कसं?"

हॅरो आलं तरी ती बोलली नाही. मला दोघांचंही हसू येत होतं.

तो गेल्यावर तिने पहिल्यांदा मागितला तो बॉल. घरात त्याचे बूट होते, चष्मा होता, दाराशी कोट लटकत होता. तिला नेमकं जे नव्हतं तेच हवं होतं.

मग तिला इंटरनेटवर त्या सामन्याची नोंद सापडली. पडलेला प्रत्येक बॉल तिथे होता: कोणी टाकला, किती वेगाने, पुढे काय झालं. आमच्या बॉलपुढे एकच शब्द होता, फाउल, म्हणजे रेषेबाहेर. कोणी झेलला, कोणी परत दिला, याला जागाच नव्हती. खाली प्रेक्षकांचा एकूण आकडा होता. घरपट्टीसाठी इथल्या कौन्सिलला कळवून मी आमच्या घरातल्या मोठ्या माणसांची नोंद दोनाची एक केली होती. या आकड्यात मात्र तो अजून बसलेला होता, आम्हा दोघींच्या मध्ये. माझ्या अंगावर काटा आला, आणि बरंही वाटलं.

त्या नोंदीच्या क्रमावरून तिने रेकॉर्डिंगमधली जागा शोधली आणि मला हाक मारली. मी जिन्यातच थांबले. "आई, प्लीज, जस्ट वन्स," ती म्हणाली, तेव्हा वर गेले.

बॅटचा आवाज झाला, बॉल चौकटीबाहेर गेला. आमची रांग दिसलीच नाही. बॅट्समन ग्लोव्ह्ज घट्ट करत राहिला. मग गर्दी हसली, आणि पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातून, जिथे कोणीच दिसत नव्हतं तिथून, पांढरा बॉल आत आला. गवतावर टप्पे खाऊन थांबला.

"बाबाने फेकला," ती म्हणाली. "आणि मी ट्रेनमध्ये त्याच्याशी बोललेच नाही."

मी तिच्याशेजारी पलंगावर बसले. हुर्यो चालूच होती. त्या आवाजात तो हसत होता. मला स्पष्ट ऐकू आलं, कोणी काहीही म्हणो. बॉल उचलायला मैदानातला एक माणूस धावत आला, तेवढ्यात तिने चित्र थांबवलं. खोलीत एकदम शांत झालं. ती शांतता मला सहन होईना.

"परत लाव," मी म्हणाले.