कांद्याच्या सालीचं सत्त्व

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोक्यावर दगडही घेतला. पण निवृत्तीनंतर सकाळचे दहा वाजले की माझ्या मनात येतं ते फसवणुकीचं एक किरकोळ प्रकरण. किरकोळ हा शब्द तेव्हा माझ्या वरिष्ठांनी वापरला होता आणि मीही मान डोलावली होती. पेपरात चार ओळी आल्या, त्याही आतल्या पानावर.

मी सोलापुरात एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात हद्दीतल्या एका डॉक्टरांचा फोन आला. "साहेब, महिन्याभरात माझ्या तीन वयस्कर पेशंटनी बीपीच्या गोळ्या बंद केल्यात," ते म्हणाले. "तिघंही एकटे राहतात. तिघंही कसल्यातरी पिवळ्या कॅप्सूल घेतात आणि कुणाकडून ते सांगत नाहीत. त्यातल्या एक बाई परवा चक्कर येऊन पडल्या. या वेळी निभावलं. गोळ्या पुन्हा सुरू केल्या नाहीत, तर पुढच्या वेळचं मला सांगता येणार नाही."

तक्रारदार कुणीच नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत, एका महिला पोलिसाला घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. सत्तरी ओलांडलेल्या, हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या विज्ञानाच्या शिक्षिका. यजमान गेलेले, मुलगा अमेरिकेत. कपाळावर पट्टी होती. पोलीस म्हटल्यावर माणसं बिचकतात. या बाई खूश झाल्या. फडताळातून कप काढून त्यांनी तीन-तीनदा विसळले. "दुसरा कप लागलाच नव्हता बरेच दिवस," असं म्हणाल्या आणि हसल्या.

कॅप्सूलची डबी त्यांनी लपवली नाही. उलट मलाच शिकवायला बसल्या. "कांद्याचा वरचा वाळका पापुद्रा असतो ना, तो आपण फेकतो. त्यात क्वेरसेटिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. फ्लॅव्होनॉइड म्हणतात त्याला. हे थोतांड नाही, मी वाचलंय. आपल्या मार्केट यार्डात सालींचे ढीग पडलेले असतात, त्याच्यापासूनच करतात हे."

"आणि बीपीची गोळी?"

"दोन्ही एकत्र घेतलं तर याचा गुण येत नाही म्हणाला."

"कोण म्हणाला?"

बाईंनी डबीचं झाकण लावलं. त्याच वेळी फोन वाजला. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर दहा झाले होते. त्यांनी पदर सारखा केला, फोनवर बोलताना पदर कशाला सारखा करायचा कोण जाणे, आणि बोलू लागल्या. हो, घेतली कॅप्सूल. हो, झोप लागली. नात पोहायला शिकतेय. कपाळाची जखम भरतेय. पाच मिनिटांत त्यांचा आवाज दहा वर्षांनी तरुण झाला. फोन ठेवून म्हणाल्या, "माझा विद्यार्थी आहे. मला चेहरा आठवत नाही, पण तो मला विसरला नाही."

इथे एक निरीक्षण नोंदवतो. निवृत्त शिक्षिकेला कुणीही "बाई, मी तुमच्या वर्गात होतो" म्हणावं. आठवत नाही असं म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही, हजारो पोरांत हाही असेल असं त्या धरून चालतात. हा गडी ते नेमकं ओळखून होता.

डॉक्टरांनी एका दुसऱ्या पेशंटकडून मिळवलेल्या चार कॅप्सूल माझ्या टेबलावर होत्या. नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे जाणार, अहवाल यायला वेळ लागणार. एक कॅप्सूल मी उघडली, आतली पिवळी भुकटी माझ्या जुन्या हवालदाराने बोटावर घेऊन पाहिली. हात न धुताच त्याने सवयीने तंबाखू काढली, चुना लावला आणि मळायला लागला. साहेबासमोर तंबाखू मळू नये हे मी त्याला वीस वेळा सांगितलं होतं. त्या दिवशी तोच ओरडला, "साहेब, हे बगा की! तळहात लालभडक झाला."

"कुंकवासारखा," महिला पोलीस म्हणाली.

"हळद हाय ही साहेब. चुन्यानं हळदच लाल हुती. कसलं कांद्याचं सत्त्व, आन कसलं काय!"

प्रयोगशाळेचा अहवाल पुढे तोच आला: हळद आणि तांदळाचं पीठ. पण आम्हाला दिशा मिळाली ती त्या तळहातावर. बाईंना येणाऱ्या फोनच्या नंबरवरून माणूस दोन दिवसांत सापडला. शहराच्या कडेला भाड्याची खोली, पंचांसमोर झडती. रिकाम्या कॅप्सूलची पाकिटं, हळदीचं पोतं, पिठाचा डबा, आणि एक जाड वही. माणूस पस्तिशीचा, नीटनेटका, पूर्वी औषधं विकत फिरलेला. चौकशीत जरासुद्धा घाबरला नाही.

"साहेब, माझ्याविरुद्ध कुणी तक्रार केलीय का?"

केली नव्हती. इतरांनी तर दारच उघडलं नव्हतं. फसलो हे मुलांना कळेल म्हणून म्हातारी माणसं चोराला पाठीशी घालतात, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"बाई पडल्या, ठाऊक आहे का तुला?" मी विचारलं.

"ठाऊक हाय की. मीच तर रोज इचारतो जखम कशी हाय. सकाळी सात जणांना फोन लावतो मी, न चुकता. तुमच्या आईला तुमी कधी लावला होता, साहेब?"

मी टेबलावर जोरात हात आपटला. माझी आई जेऊरजवळच्या गावात एकटी राहायची आणि तिचा आवाज ऐकून मला महिना झाला होता. त्या संध्याकाळी फोन केला, तर ती घाबरलीच. "काय झालं रं? बरा हाईस न्हवं?" कारणाशिवाय मी फोन करत नाही, हे तिला पाठ होतं.

वहीत सातही जणांचं एकेक पान होतं. बाईंच्या पानावर लिहिलं होतं: "विज्ञान शिकवायच्या. मुलगा अमेरिकेत, रविवारी फोन, कधी कधी चुकतो. नातीचं नाव घ्यावं. एकटी. दहाचा फोन चुकवू नये."

वयस्कर महिलेचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. त्या पानाची झेरॉक्स, एक कॅप्सूल आणि हवालदाराची चुन्याची डबी घेऊन मी महिला पोलिसासह गेलो. पान वाचून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी चुना पुढे केल्यावर मात्र त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बशी आणली, कॅप्सूल उघडली, नखाने चुना टाकला, थेंबभर पाणी. भुकटी लाल झाली.

"सातवीच्या वर्गात हाच प्रयोग दाखवायचे मी," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं."

"मग बाई, एकदाही उघडून पाहिली नाहीत?"

त्यांनी बशी बाजूला सारली. मग अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "चौथ्या दिवशीच वास आला होता हळदीचा. उघडली असती तर फोन बंद झाला असता."

त्यांनीच महिला पोलिसाला लिहून घ्यायला सांगितलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही मुद्दा न गाळता, वर्गात उतरवून द्यावं तसा जबाब दिला. शेवटी म्हणाल्या, "अजून एक वाक्य लिहा." त्यांनी ते सांगितलं. मी म्हणालो, "बाई, याचा गुन्ह्याशी संबंध नाही." त्यांनी मान डोलावली आणि त्या वाक्याशिवायच सही केली. त्याच दिवसापासून बीपीची गोळी सुरू केली.

त्यांचा जबाब झाल्यावर बाकीचेही बोलले. दोषारोपपत्र गेलं, शिक्षा झाली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. जबाब घेऊन निघताना मी बाईंना शब्द दिला होता, "दहाचा फोन आता मी करीन." अकरा दिवस केला. मग जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचा बंदोबस्त लागला, एक दिवस चुकला, दोन चुकले, आणि मग आता कोणत्या तोंडाने करायचा म्हणून राहूनच गेला. त्यांनी कधी तक्रार केली नाही. त्या गेल्याचं मला डॉक्टरांकडून कळलं, तेही सहा महिन्यांनी.

आता आई नाही, पत्नी नाही. मुलगी परदेशातून रविवारी फोन करते. कधी कधी चुकतो. दहाला मी बीपीची गोळी घेतो आणि फोन टेबलावर उताणा ठेवतो. परवा कुठल्याशा कंपनीच्या मुलीचा औषध विकायला फोन आला. "सर, तब्येत कशी आहे?" म्हणाली. भामटे ओळखण्यात हयात गेलेला मी, तिच्याशी वीस मिनिटं बोललो. त्यातली पंधरा मीच बोललो.

फसणारा माणूस मूर्ख असतो असं मी नोकरीभर मानलं. तपास करताना आम्ही विचारायचो, याने काय नेलं. त्याने काय दिलं, हा प्रश्न फॉर्मात नव्हता आणि माझ्याही डोक्यात नव्हता. बाईंच्या जबाबातलं मी गाळलेलं ते वाक्य म्हणून इथे, त्यांनी सांगितलं तसं, लिहून ठेवतो:

"त्याने मला फसवलं हे खरं आहे, आणि रोज दहा वाजता मी जिवंत आहे का हे विचारणारा तो एकटाच होता, हेही खरं आहे."