मामांच्या नावावरची उदासी

मामांना गाडीवरून उतरवलं ते माझ्या अंगठ्याने. मजकूर न वाचता त्याने पटापट ‘मान्य आहे’ दाबलं आणि मामांच्या फोनमध्ये मनाची काळजी घेणारं ॲप बसलं.

मी बस डेपोच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो, मामा तिथेच ड्रायव्हर. सगळ्या ड्रायव्हरांच्या फोनमध्ये ते ॲप घालायचं काम माझ्याकडे आलं होतं. माणूस किती झोपतो, हिंडतो, बोलतो, यावरून ते म्हणे त्याचं मन ओळखतं आणि वेळीच मदत मिळवून देतं. कल्पना वाईट नव्हती. आमच्याकडे माणूस खचलाय हे तो कामावर यायचा बंद झाल्यावरच कळतं.

फक्त, ड्रायव्हरने गाडीवर फोन न्यायचा नाही हा आमचाच नियम कोणाला आठवला नाही. बाकीच्यांचे फोन दिवसभर लॉकरमध्ये पडून असत. रोज घराबाहेर पडतात आणि कुठे चुळबूळ नाही, म्हणून ॲपने त्या सगळ्यांना शांत आणि समाधानी ठरवलं. मामा मात्र फोन घरी मामीकडे ठेवून येत.

महिन्याभरात मामांच्या नावापुढे लाल ठिपका उमटला. घराबाहेर पडत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, झोप तुटक. निदान: तीव्र उदासी.

आणि मामा तर असे, की थांब्यावरच्या म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी केल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत. ते बोलायला लागले की कंडक्टर तिकिटं द्यायची विसरतो. मॅनेजरसाहेबांनी त्यांना बोलावून सांगितलं, की तुम्ही हल्ली बोलत नाही असं दिसतंय. त्यावर मामा पाऊण तास बोलले. साहेबांनी शेरा मारला: आजार मान्य करत नाहीत.

मामांना चौकशीच्या खिडकीवर बसवलं. कंपनीच्या समुपदेशक बाईंनी ठिपका खरा ठरवला, की गाडी कायमची सुटणार होती. स्टीअरिंगशिवाय मामा म्हणजे पंख्याखाली ठेवलेला कागद, नुसती फडफड.

बाईंनी घरच्या माणसाला घेऊन या म्हणून सांगितलं, म्हणून मामी आली. ॲप माझ्या हातचं, म्हणून मीही. बाईंनी अहवाल वाचला. मामा प्रत्येक ओळीला हसत होते. शेवटची ओळ होती: एकाच नंबरला मेसेज लिहितात आणि न पाठवता पुसतात.

“ती मी आहे,” मामी म्हणाली.

मामांचं हसू तोंडातच राहिलं. “अगं, कधीपासून?”

“पोरगी परगावी गेल्यापासून. तुम्ही घरी येता, थांब्यावरच्या म्हातारीचा गुडघा सांगता आणि जेवून झोपता.”

मामा गप्प झाले. ॲपला हवे होते तसे, अगदी अहवालाबरहुकूम.

बाईंनी साहेबांना कळवलं, की ॲपचा माणूस चुकला, आजार चुकला नाही. साहेबांनी अर्धंच वाचलं. मामांना गाडी परत मिळाली, आणि मामी कंपनीची कर्मचारी नसल्याने तिची तुटकी झोप ‘तांत्रिक चूक’ म्हणून पुसून टाकण्यात आली. ते ॲप अजून चालू आहे. लॉकरमधले फोन खुशाल आहेत. बाई मात्र दर गुरुवारी मामीला स्वतःच्या वेळात भेटतात. मामा आता घरी आल्यावर आधी विचारतात, मग सांगतात. सांगणं काही सुटलेलं नाही.

त्या दिवशी बाईंकडून निघून जिना उतरताना मी मामीला विचारलं, तो नंबर कोणाचा होता.

“तुझाच की रे. कामात असशील, म्हणून पुसायचे.”

“काय लिहायचीस?”

“येतोस का, एवढंच.”

रविवारी नक्की येतो, म्हणालो. आता मामा रोज फोन मामीच्या हातात देऊन डेपोत येतात आणि गाडी काढण्याआधी माझ्या खिडकीशी थांबून विचारतात, “काय भाचेबुवा, तुमच्याकडे रविवार कुठल्या महिन्यात येतो?”