इराचा बाप

मंजुषा विधाते चिडली की तिचा आवाज चढत नसे, उलट खाली जाई. ओझरच्या विमान कारखान्यातल्या तिच्या वर्कशॉपमधल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. त्यामुळे दोन हजार पाच सालच्या त्या ऑगस्टमध्ये ती जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता, अगदी हळू आवाजात, "त्या माणसानं फसवलं मला," असं म्हणाली तेव्हा शेजारच्या बाकावरचे दोघं घास हातात धरून थांबले. कुणीतरी विचारलं, कोणत्या माणसानं? मंजुषानं पिशवीतून लहान मुलांचं एक पुस्तक काढून टेबलावर आपटलं.

पुस्तकाचं नाव होतं 'नवव्या तळावरची इरा'. त्या वर्षी नाशकातल्या शाळाशाळांतून त्याचीच चर्चा होती. मंजुषा राहायची त्या पंचवटीतल्या वाचनालयात दोन प्रती होत्या आणि त्यांच्यासाठी पोरांची यादी लागलेली. मंजुषाची मुलगी पूजा सातवीत होती. तिचा नंबर महिन्याभरानं लागला, तिनं दोन दिवसांत पुस्तक संपवलं आणि आईच्या मागं लागली, "आई, तू वाचच. तुझ्यासारखीच मुलगी आहे त्यात."

खरंच होती. इरा पंधरा वर्षांची, मंगळावरच्या एका तळावर राहणारी. तिचा बाप दामू हवेच्या गाळण्या धुणारा, तळावरचा सगळ्यात खालचा माणूस. इराला यंत्रांचं वेड. भंगारात टाकलेला एक पंप ती चोरून आणते, उघडते, बिघडवते, पुन्हा उघडते. बाप तिला हत्यारं मिळवून देतो, त्यासाठी बोलणी खातो. एका प्रकरणात इरा पंपाचं झिजलेलं कडं हातानं घासून बसवते. कानस कशी धरायची, जोर कुठं द्यायचा, दर चार हात मारल्यावर माप कसं बघायचं, सगळं त्यात होतं. मंजुषानं ते पान कारखान्याच्या बसमध्ये तीनदा वाचलं. हे लिहिणाऱ्यानं कधीतरी स्वतः कानस धरली असणार, अशी तिची खात्री पटली. दुसऱ्या दिवशी तिनं ते पान जेवणाच्या सुट्टीत मोठ्यानं वाचून दाखवलं आणि साठीला आलेले सावळीराम मिस्त्री म्हणाले, "बरोबर लिहिलंय गड्यानं."

तिला ते पुस्तक एवढं लागण्याचं कारण होतं. मंजुषा मखमलाबादच्या माळ्याची पोर. वडील गोटीराम झेंडू आणि कोथिंबीर लावायचे आणि पहाटे सायकलवर पाट्या बांधून बाजारात न्यायचे. दहावीनंतर मंजुषा म्हणाली, मला आयटीआयला फिटर व्हायचंय. घरात कुणाला फिटर म्हणजे काय ते नीट माहीत नव्हतं. गोटीरामांनी विचारलं, "त्यात काय करत्यात?" ती म्हणाली, लोखंड घासून मापात आणतात. गोटीराम म्हणाले, "मग हाताला लय फोड येतील. येऊ दे. खुरप्यानंबी येत्यातच."

वर्गात चाळीस मुलगे आणि ती एकटी. पहिले चार महिने नुसता एक लोखंडी ठोकळा घासायचा. कडा काटकोनात आल्या नाहीत की मास्तर तो फेकून द्यायचे आणि नवा ठोकळा. तिचे सहा ठोकळे फेकले गेले. सातवा मास्तरांनी हातात घेऊन उजेडापुढं धरला, काटकोन तपासायचा गुण्या लावला आणि टेबलावर ठेवला. एक्क्याण्णव साली ती कारखान्यात लागली. विमानाच्या पत्र्यांना रिव्हेट मारायचं काम. लोक विचारायचे, वशिला कुणाचा? कुणाची पुतणी, कुणाची मेहुणी? वशिला कुणाचाच नव्हता. पण पुढची दहा वर्षं दर नवा साहेब आला की तोच प्रश्न तिला नव्यानं ऐकावा लागला. बाईमाणसाच्या हाताला एवढी सफाई नुसती शिकून येते, यावर कुणाचा विश्वासच बसत नसे.

आणि आता हे पुस्तक. दोनशे पानं इरानं घासाघीस केली, मार खाल्ला, शिकली. शेवटच्या चाळीस पानांत तळावरचं हवेचं मोठं यंत्र बंद पडतं. माणसं गुदमरायला लागतात. इरा हत्यारांची पेटी घेऊन धावते. मंजुषानं पानं भराभर उलटली. आणि तिथं लेखक सांगतो की हत्यारांची गरजच नाही. यंत्रावर फक्त तळहात ठेवायचा. कारण इरा मुळी दामूची मुलगीच नाही. ती तळाच्या सेनापतीची हरवलेली मुलगी, यंत्र बांधणाऱ्याची नात. यंत्र तिचं रक्त ओळखतं आणि सुरू होतं. 'तिला आता कळलं, हे सारं तिच्या रक्तातच होतं,' असं वाक्य होतं. दामूबद्दल फक्त एक ओळ: 'तो साधा माणूस गर्दीत मागे राहिला.'

संध्याकाळी घरी पोचल्यावर तिनं पूजाला विचारलं, "हा शेवट तुला आवडला?"

"मी रडले," पूजा म्हणाली. "तिला तिचे खरे बाबा मिळाले ना."

"आणि आधीचा बाप खोटा होता का?"

"तसं नाही गं. पण तो खरा नव्हता ना."

"तिला बोलणी खाऊन हत्यारं कुणी आणून दिली?"

"आई, गोष्ट आहे ती," पूजा वैतागून म्हणाली. "तू सगळ्यात तुझंच बघतेस."

मंजुषानं पुढं वाद घातला नाही. पण भाकरी थापताना तिचे हात नेहमीपेक्षा जोरात चालले होते. तिचा नवरा चंदर नाशिक रोडच्या सरकारी प्रेसमधून आला. सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "पोरांचं पुस्तक आहे, सोडून दे."

"पोरांचं आहे म्हणूनच," ती म्हणाली.

सप्टेंबरात वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तोच लेखक आला. हॉल पोरांनी भरलेला, पूजा पहिल्या रांगेत, सहीसाठी विकत घेतलेलं पुस्तक छातीशी धरून. लेखक गोड बोलणारा माणूस होता. पोरांना म्हणाला, "तुमच्यातही अशीच एक शक्ती लपलेली असेल. ती जन्मतःच असते, फक्त ओळखायची असते." टाळ्या पडल्या. प्रश्न विचारा म्हटल्यावर दोनतीन पोरांनी विचारले आणि मग मागच्या रांगेतून मंजुषा उठली.

"इरानं कडं घासायला शिकायला किती दिवस घेतले?" तिनं विचारलं.

लेखक हसला. "तीन महिने लिहिलंय बहुतेक."

"पाच महिने लिहिलंय. मग शेवटी ते कशाला उपयोगी पडलं?"

"ताई, वाचकाला शेवटी धक्का हवा असतो," लेखक म्हणाला.

"मला धक्का नाही बसला. फसवल्यासारखं वाटलं. नुसता हातच ठेवायचा होता, तर दोनशे पानं पोरीला राबवलं कशाला?"

हॉलमध्ये कुजबुज झाली. लेखकानं विचारलं, "आपण काय करता?"

"ओझरला फिटर आहे."

"अच्छा. मग तुम्हाला तांत्रिक चुका सापडल्या असतील."

"एकही नाही सापडली," मंजुषा म्हणाली. तिचा आवाज आता इतका खाली गेला होता की पुढची पोरं मागं वळून ऐकू लागली. "म्हणून तर राग आला. तुम्हाला सगळं ठाऊक होतं. हात कसा तयार होतो तेही ठाऊक होतं. आणि तरी तुम्ही या पोरांना सांगितलंत की मोठ्या घरचं रक्त लागतं. गाळण्या धुणाऱ्याची पोर यंत्र दुरुस्त करू शकते, एवढं एक वाक्य लिहायला तुम्हाला जड गेलं."

लेखक काहीतरी बोलणार होता, पण कार्यवाहांनी माईक घेतला आणि वेळेअभावी प्रश्नोत्तरं इथंच थांबवतो असं सांगून आभार मानायला सुरुवात केली. कुणी टाळी वाजवली नाही. बाहेर चपला शोधताना एक बाई दुसरीला म्हणाली, "पाहुण्याशी असं बोलतात का?" ते मंजुषाला ऐकू आलं.

पूजानं सही घेतलीच नाही. रिक्षात ती एका बाजूला तोंड करून बसली आणि घरी आल्यावर म्हणाली, "सगळ्या वर्गासमोर." पुढं दोन दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली. मंजुषानं माफी मागितली नाही. आपण चुकलो असं तिला वाटतच नव्हतं, आणि खोटी माफी तिला जमत नसे. फक्त पोरीची सही हुकली, हे तिला लागलं.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. पूजा गच्चीवर आली आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "ते कडं हातानं घासणं खरंच जमतं?"

मंजुषानं माळ्यावरून लोखंड पकडायचा जुना व्हाइस काढला, लाकडी बाकाला आवळला आणि एक पट्टी अडकवून कानस पोरीच्या हातात दिली. पूजानं तासभर घासलं. दोन फोड आले, पट्टी एका बाजूला उतरती झाली. "मला नाही आवडलं हे," ती म्हणाली आणि कानस ठेवून खाली गेली.

"नाही तर नाही," मंजुषा म्हणाली. तिला वाईट वाटलं नाही. पोरीनं फिटर व्हावं असं तिनं कधी मनात आणलं नव्हतं. पूजाला ते पुस्तक पुढंही आवडतच राहिलं. तिनं दहावीपर्यंत ते आणखी दोनदा वाचलं.

दोन हजार नऊ साली पुस्तकाचा दुसरा भाग आला. तोवर पूजा अकरावीत गेली होती. तिनं तो एका दिवसात संपवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"दामू नाहीच यात," ती म्हणाली. "एकदाही नाही. ती त्याला भेटायलासुद्धा जात नाही."

मंजुषानं गॅस बारीक केला.

"असं कसं?" पूजाचा आवाज खाली गेला होता. "एवढ्या वर्षांत एकदासुद्धा त्याची आठवण येऊ नये तिला?"

त्या रात्री जेवण झाल्यावर पूजानं लेखकाला पत्र लिहिलं, वहीची चार पानं. काय लिहिलंय ते मंजुषानं विचारलं नाही. सकाळी कामावर जाताना तिनं ते पाकीट बसस्टॉपजवळच्या पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडात बोटं घालून ते नीट आत पडल्याची खात्री केली. उत्तर काही आलं नाही.